मृगाच्या आधीचे चौदा दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे असे समजा. काटोलच्या बाजूचे एक गाव. सकाळचे दहा वाजले आहेत, पण ऊन असे की धुऱ्यावरच्या बाभळीखाली बैल माना टाकून उभे आहेत. घरची बाई वावरात धसकटे वेचते आहे. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, अंगापिंडाने काटक, आजवर दवाखान्याची पायरी बाळंतपणापुरतीच चढलेली. वाकलेली ती उठते आणि उठता उठता दोन्ही हातांनी डोके धरते. "माय वं, डोकस फुटलं!" एवढेच तिच्या तोंडून निघते. मग भडभडून उलटी होते, दोन-तीन मिनिटे शुद्ध जाते, पुन्हा डोळे उघडते.

घरचे धावतात. "ऊन लागलं असन," सासू म्हणते. कांदा फोडून नाकाशी धरतात, ओला पंचा डोक्यावर टाकतात, कैरीचे पन्हे करायला सून घरी पळते. नागपूरकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो तेव्हा असे वाटणे अगदी साहजिक आहे. सासूबाईंना कोणी नावे ठेवू नयेत.

वाचकहो, या घराचे नाव-गाव शोधू नका. समजुतीसाठी हे घर आपण मांडले आहे. पण त्यात जे जे घडते ते वैद्यकाच्या पुस्तकातले आहे, आणि ते कोणाच्याही अंगणात घडू शकते.

उन्हाचे डोके हळूहळू चढते. आधी घाम, मग थकवा, मळमळ, आणि डोके ठणकत ठणकत वाढत जाते. या बाईचे डोके तसे दुखले नाही. ते वीज पडावी तसे एका क्षणात दुखले आणि त्याच क्षणी अगदी शिगेला पोचले. जन्मात असे दुखले नव्हते, असे रोगी स्वतःच सांगतो. बरोबर उलटी, मान ताठ होणे, उजेड डोळ्यांना न सोसणे, थोडा वेळ शुद्ध जाणे, कधी एका डोळ्याची पापणी खाली पडणे. यातले एक-दोन जरी असले तरी कांदा बाजूला ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. तोंडात काही घालू नये, कारण अर्धवट शुद्धीतल्या माणसाचा घोट श्वासनळीत जातो. डोकेदुखीची म्हणून ॲस्पिरिनची गोळी तर मुळीच देऊ नये, तिने रक्त पातळ होते. कोणाकोणाला या मोठ्या तडाख्याच्या काही दिवस आधी असेच एक लहान, एकाएकी आलेले दुखणे येऊन गेलेले असते. ते दोन दिवसांत थांबते, म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही.

आपल्या गोष्टीतल्या घराला एक शहाणा पोरगा आहे असे धरू. तो गाडी बोलावतो. काटोलच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर मान वाकवून बघतात, ती वाकत नाही, आणि ते लगेच नागपूरला पाठवतात. साठेक किलोमीटरचा रस्ता. नागपूरला डोक्याचा सीटी स्कॅन होतो आणि मेंदूभोवती रक्त सांडलेले दिसते.

हे रक्त आले कोठून? मेंदूच्या बुडाशी धमन्यांचे एक कडे असते. तेथून फांद्या फुटून सगळ्या मेंदूला रक्त जाते. जेथे फांदी फुटते तेथे भिंत जरा कमजोर असते, आणि वर्षानुवर्षे रक्ताचे धक्के बसून कोणाकोणाच्या धमनीला तेथे फुगा येतो. सायकलच्या टायरला चीर पडली की तिच्यातून ट्यूब कशी बाहेर डोकावते, तसा. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. पुष्कळांच्या डोक्यात असा लहानसा फुगा जन्मभर राहतो आणि काही त्रास देत नाही. पण बिडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब आणि बेसुमार दारू यांनी तो फुटण्याचा धोका वाढतो. एकाच घरातल्या दोघा सख्ख्यांना असा रक्तस्राव झाला असेल तर बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. बायकांमध्ये हा प्रकार पुरुषांपेक्षा थोडा अधिक आढळतो, आणि वय बहुधा चाळीस ते साठ. म्हणजे घर ज्याच्या खांद्यावर उभे असते नेमके तेच वय.

हा आजार आपल्याकडे आहे की नाही, यावरसुद्धा एके काळी वाद होता. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले, आणि त्याच दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांनी. राममूर्तींनी १९६९ साली एक लेख लिहिला. धमनीचे हे फुगे भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आढळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे तपासणीची यंत्रे वाढली तसे रोगीही वाढत गेले. मला वाटते, रोग पूर्वीही असणारच. डोके धरून वावरात पडलेला माणूस मद्रासच्या दवाखान्यापर्यंत पोचतच नसे, मग मोजणार कोण? "लकवा मारला," "वारं गेलं," "ऊन लागलं" एवढीच त्याची नोंद. जगाचा हिशेब धरला तर लाख वस्तीमागे वर्षाला सहा ते आठ जणांना हा रक्तस्राव होतो. त्यातले काही वाटेतच जातात.

जे पोचतात त्यांच्यासाठी पहिले काम असते फुटलेला फुगा बंद करणे. तो पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते, आणि दुसऱ्यांदा फुटला तर माणूस क्वचितच हाती लागतो. अमेरिकेत डॉ. डँडी यांनी १९३७ साली फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवला. कवटी उघडून चिमटा लावण्याची ती रीत सुधारत सुधारत आजही चालू आहे. दुसरी रीत १९९० नंतरची. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेचे वेटोळे भरतात, म्हणजे फुग्यात रक्त शिरणे थांबते. त्याला कॉइल म्हणतात. कोणाला चिमटा बरा आणि कोणाला कॉइल, हे फुग्याची जागा आणि आकार पाहून डॉक्टरच ठरवतात.

आपल्या बाईला दुसऱ्या दिवशी कॉइल बसते. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडून चहा मागते. चौथ्या दिवशी विचारते, "गाईला चारा कोण टाकून राहिलं?" नवऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरतो. आणि खरे संकट इथूनच सुरू होते. ते काय असते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

पाणी वाहते तसे रक्त

ज्याने पाटाचे पाणी दिले आहे त्याला हे समजायला अवघड नाही. मेंदूचे वजन साधारण चौदाशे ग्रॅम, म्हणजे अंगाच्या पन्नासावा हिस्सा. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सहावा-सातवा वाटा हा एकटा घेतो. मिनिटाला सुमारे तीन पाव लिटर. दर शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला पन्नास मिलीलिटर रक्त लागते. ते विसाच्या खाली गेले की तेथला मेंदू काम थांबवतो. हात उचलत नाही, शब्द सापडत नाही, पण पेशी अजून जिवंत असतात. पाणी तुटले की ऊस आधी माना टाकतो, तसे हे. याच वेळी पाणी सोडले तर उभा राहतो. रक्त दहाच्या खाली गेले आणि तसेच राहिले, तर तो भाग वाळून जातो. मग वरून कितीही पाणी द्या.

फुगा फुटतो त्या क्षणी काय होते पाहा. कवटी म्हणजे बंद पेटी. आत रक्ताची चिळकांडी उडाली की आतला दाब एकदम चढतो, इतका की हृदयाकडून येणारे रक्त वर चढेनासे होते. क्षणभर मेंदूचा पुरवठाच तुटतो. बाई धुऱ्यावर शुद्ध हरपली ती यामुळे. थोड्या वेळात छिद्रावर गाठ धरते, चिळकांडी थांबते, दाब उतरतो आणि पुरवठा पुन्हा सुरू होतो. ज्यांचा दाब उतरत नाही ते डोळे उघडत नाहीत. ही झाली रक्तप्रवाहाची पहिली घट. ती काही मिनिटांची असते, पण तेवढ्यातही मेंदूला मार बसलेला असतो.

दुसरी घट येते ती सावकाश, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. सांडलेले रक्त धमन्यांच्या बाहेरून लपेटून बसलेले असते. ते कुजायला लागते. लाल पेशी फुटतात, त्यांतले हिमोग्लोबिन मोकळे होते, आणि त्या विषाने धमन्यांच्या भिंती आतल्या आत आवळत जातात. ज्या धमन्यांना फुगा नव्हता, इजा नव्हती, त्यासुद्धा. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान हे आवळणे सर्वांत जास्त असते आणि चौदाव्या दिवसानंतर ओसरू लागते. कोणाचे एकविसाव्यापर्यंतही चालते. पहिल्या प्रथम हे आवळणे फोटोत दिसले १९५१ साली, एकर आणि रीमेन्श्नायडर या दोघा अमेरिकन डॉक्टरांना. रक्तवाहिन्यांचे फोटो काढून पाहिले तर असे आकुंचन दोन तृतीयांश रोग्यांत दिसते. त्यातल्या सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. चारांत किंवा तिघांत एकाला होतो.

दोन इंची पाइप काढून एक इंची घातला तर पाणी निम्मे येईल असे आपल्याला वाटते. पण ते निम्म्याहून फारच कमी येते. सरळ नळीचा हिशेब मांडला, दाब तोच ठेवला, तर रुंदी निम्मी झाल्यावर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. मेंदू त्यावर आपला उपाय करतो. मोठा पाट अरुंद झाला तर पुढच्या लहान दांडांची तोंडे तो मोठी करतो. आपल्या कालव्यावर पाटकरी असतो ना, वरून पाणी कमी-जास्त आले तरी प्रत्येकाच्या वावरात बेताचे सोडणारा? तसा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत एक पाटकरी बसलेला आहे. धडधाकट माणसाचा रक्तदाब थोडा खाली-वर झाला तरी मेंदूचा पुरवठा हलत नाही, तो या पाटकऱ्यामुळे. पण रक्तस्रावानंतर हा पाटकरीच पांगळा होतो. मग वरून जेवढा दाब तेवढेच पाणी. दाब पडला की टेलचे वावर कोरडे. आणि मेंदूतही टेल असते. दोन मोठ्या धमन्यांची हद्द जेथे संपते तो भाग दोन्ही पाटांच्या शेवटाला असतो, आणि तहान पहिल्यांदा त्यालाच लागते.

आवळलेली धमनी ओळखायची कशी? इथे एक गंमत आहे. मोटर चालू असताना रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. पाणी जोरात, लांब उडते. बादली मात्र भरायला जास्त वेळ लागतो. नॉर्वेचे रुने आस्लिड यांनी १९८२ साली हीच गोष्ट कामी आणली. कानशिलाचे हाड पातळ असते. तेथून आवाजाच्या लहरी आत सोडून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायचा. सुई नाही, दुखणे नाही. मोठ्या धमनीत हा वेग एरवी सेकंदाला साठ सेंटिमीटरच्या आगेमागे असतो. एकशेवीसच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात आणि दोनशेच्या वर म्हणजे धमनी फारच आवळली. वेग वाढला म्हणून "रक्त जोरात चालू आहे, चांगले आहे" असे समजू नये. तो अंगठा दाबलेला पाइप आहे. काहींचे, विशेषतः वयस्क बायकांचे, कानशिलाचे हाड जाड असते आणि लहरी आत जातच नाहीत. मग पुन्हा स्कॅनचा आधार घ्यावा लागतो.

घरचे गोंधळतात ते इथे

पहिल्या दिवशी डॉक्टर रक्तदाब उतरवण्याची धडपड करतात, कारण फुगा उघडा असतो आणि दाब चढला तर पुन्हा फुटेल. कॉइल किंवा चिमटा बसला, आणि सातव्या-आठव्या दिवशी धमन्या आवळून रोगी झोपाळू झाला, की तेच डॉक्टर दाब चढवण्याचे औषध लावतात. बाहेर बाकावर बसलेला भाऊ म्हणतो, "परवा बीपी उतरवत होते, आज चढवून राहिले. यायले तरी समजते का काही?" समजते. अरुंद पाटातून टेलपर्यंत पाणी न्यायचे तर वरचे दार जास्त उघडावे लागते. पाटकरी पांगळा आहे हे विसरू नये. एके काळी सोबत सलाईनही भरपूर भरत. आता शरीरातले पाणी नेमके राखतात, कारण जादा पाण्याने फुप्फुसे भरतात. कमी मात्र होऊ देत नाहीत. या आजारात लघवीवाटे मीठही वाहून जाते. म्हणून "डोक्याचं दुखणं आहे, मीठ-पाणी तोडा" असा सल्ला कोणी बाकावरून दिला तर ऐकू नये.

दुसरा गोंधळ गोळीचा. निमोडिपिन नावाची गोळी दर चार तासांनी, दिवसा आणि रात्रीही, एकवीस दिवस देतात. रात्री दोन वाजता झोपलेल्या बाईला उठवून गोळी द्यायची म्हणजे घरच्यांना दया येते. "झोपू द्या न सिस्टर, मोठ्या मुश्किलीनं डोळा लागला." पण गोळीचा असर चार-सहा तासांत उतरतो. मधली एक चुकली तर त्या पाळीला वावर कोरडेच राहते. ही गोळी खरोखर कामाची आहे का, हे इंग्लंडमध्ये ५५४ रोग्यांवर पाहिले आणि १९८९ साली छापले. गोळीविना शंभरांत ३३ जणांच्या मेंदूचा काही भाग मेला होता, गोळी घेणाऱ्यांत २२ जणांच्या. शंभरामागे अकरा माणसांचा फरक, आणि तो साध्या गोळीने. दाब फार उतरला तर डॉक्टर मात्रा कमी करतात. आपण आपल्या मनाने करू नये.

यात एक कोडे आहे आणि ते अजून पुरते सुटलेले नाही. निमोडिपिनने रोगी सुधारतो, पण फोटोत धमन्या फारशा रुंद झालेल्या दिसत नाहीत. उलट क्लाझोसेंटान नावाच्या दुसऱ्या औषधाने धमन्या चांगल्या रुंदावल्या. तरी २०११ साली छापलेल्या मोठ्या परीक्षेत रोगी काही त्याने जास्त बरे झाले नाहीत. म्हणजे आवळलेला मोठा पाट एवढेच कारण नव्हे. बारीक दांडांत गुठळ्या अडकतात, पहिल्या मिनिटांतला मार आत राहिलेला असतो, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेच्या मंद लाटा सरकत जातात. ब्राझीलच्या लिआओ यांनी १९४४ साली सशाच्या मेंदूत त्या प्रथम पाहिल्या होत्या. निरोगी मेंदूत अशी लाट आली की रक्त वाढते. या आजारात ते उलट आटते. तज्ज्ञ लोक आता यावर डोके लावून आहेत.

सातवा दिवस

आपली बाई वॉर्डात आहे. तारीख ३१ मे. घरी वखरणी व्हायची आहे, बियाण्याचे पैसे भरायचे आहेत, आणि ७ जूनला मृग लागतो. नवरा वॉर्डाबाहेर बेचैन आहे. बायको हिंडते, बोलते, जेवते. रोज माणशी जेवणाचा खर्च, दोन माणसे इथे अडकलेली. तो डॉक्टरांपुढे हात जोडतो, "डॉक्टरसाहेब, चांगली बोलून राहिली. सुटी द्या. गोळ्या घरी देतो. पेरणीचे दिवस आले." डॉक्टर नाही म्हणतात. तो मनात चिडतो. वाचकहो, त्याचे चुकले असे म्हणवत नाही. पेरणी चुकली तर वर्ष चुकते, हे शहरातल्या माणसाला सांगून समजत नाही.

त्याच संध्याकाळी सून चहा घेऊन येते. बाईच्या उजव्या हातातून कप घसरतो. सून विचारते, काय झाले? बाई "ते... ते..." करते, कपाला कप म्हणता येत नाही. मग डोळे मिटून पडते. झोप आली असेल असे वाटावे असेच ते दिसते. सून मात्र उठून सिस्टरकडे जाते. अर्ध्या तासात दाब चढवण्याचे औषध सुरू होते, स्कॅन होतो. तेवढ्याने भागले नसते तर पुन्हा नळी घालून, आवळलेल्या धमनीत औषध सोडून किंवा बारीक फुग्याने ती ताणून रुंद करावी लागली असती. रात्री दहाला ती उजव्या हाताची बोटे हलवते. ऊस उभा राहिला.

आता हाच प्रसंग घरी घडला असता तर? संध्याकाळची वेळ, बाई जरा झोपाळली आहे. दवाखान्यातून थकून आली, पडू द्या, असेच सगळे म्हणाले असते. सकाळी उठवायला गेले असते तेव्हा उजवी बाजू गेलेली असती आणि वाचा बसलेली. साठ किलोमीटर परत नेऊन उपयोग झाला नसता.

म्हणून रोग्याजवळ बसणाऱ्याचे काम मोठे आहे. यंत्रे सगळीकडे सारखी नसतात, पण घरच्या माणसाची नजर प्रत्येक खाटेशी असते. आपल्या माणसाचे बोलणे कालच्यापेक्षा जड झाले का, नेहमीची नावे चुकतात का, एक हात किंवा एक पाय मागे राहतो का, दिवसा नको इतकी झोप येते का, उगाच चिडचिड करतो का. हे डॉक्टरच्या आधी बायकोला, सुनेला, पोराला कळते. "इतक्या छोट्या गोष्टीसाठी सिस्टरला कशाला त्रास?" असा संकोच करू नये. कधी ही झोप धमन्यांमुळे नसते, मेंदूतले पाणी तुंबल्याने असते. त्याला उपाय वेगळा, पण तोही वेळेवरच लागतो. जवळ बसणाऱ्याने शक्यतो एकाच माणसाने जास्त दिवस थांबावे. रोज नवा माणूस आला तर कालचे बोलणे कसे होते हे त्याला कसे ठाऊक असणार?

खर्चाचे बोलल्याशिवाय हे सगळे कोरडे वाटेल. कॉइल महाग असते, अतिदक्षता विभागातले दिवस महाग असतात. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचेच सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे, जवळच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. मेंदूच्या आजारांसाठी सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्थाही नागपुरात आहे. सरकारची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती आणि २०१७ पासून फुल्यांच्या नावाने चालते, तीत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. भरती होताच, पैसे भरण्याच्या आधी, राशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला गाठावे आणि आपले उपचार तीत बसतात का हे स्पष्ट विचारावे. ही कागदे गाडीत बसतानाच पिशवीत टाकली तर एक माणूस परत गावाला धाडावा लागत नाही. वावर विकायची भाषा त्यानंतर.

पेरणीचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही. गावाकडे आहे. सावड ही आपली जुनी रीत. लग्नाला, घर शाकारायला सावड चालते, तर चौदा दिवसांसाठी एका घराची वखरणी चार घरांनी वाटून घ्यायला हरकत नसावी. ज्याचे माणूस दवाखान्यात आहे त्याने लाजू नये, आणि शेजाऱ्याने भेटायला नागपूरला बंडीभर माणसे नेण्यापेक्षा एक दिवस त्याच्या वावरात वखर धरावा. रोग्याला त्याचाच जास्त उपयोग. खाटेभोवती दहा माणसांची गर्दी त्याला तशीही सोसत नाही.

यातून उठलेली माणसे पुन्हा उभी राहतात. अमेरिकेचे जो बायडन यांच्या मेंदूतल्या अशाच फुग्यातून १९८८ सालच्या फेब्रुवारीत रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली, मेमध्ये दुसऱ्या फुग्याची झाली. ते २०२१ साली राष्ट्राध्यक्ष झाले. सगळ्यांचेच इतके बरे होत नाही. पुष्कळांना वर्षभर लवकर थकवा येतो, विसर पडतो, गोंगाट सहन होत नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसत असल्याने घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा आला आता." तो कंटाळा नव्हे. कॉइल बसवली असेल तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावतात. "आता काही होत नाही" म्हणून ती चुकवू नये. घरात बिडी ओढणारा असेल तर त्याने ती सोडण्याला याहून चांगला मुहूर्त नाही.

आपली बाई १४ जूनला एकविसाव्या दिवसाची शेवटची गोळी घेते. दोघा शेजाऱ्यांनी तिच्या वावरात तूर आणि पऱ्हाटी टोबून ठेवली आहे. एसटीतून उतरल्यावर ती घरात शिरण्याआधी धुऱ्यावर जाते, उजव्या हाताने थोडी माती उकरून ओल बघते, आणि नवऱ्याला म्हणते, "तासं वाकडी गेली जी तुमची."

"माही नोहे," तो म्हणतो, "मी तं नागपूरले होतो."